हॅरोचा कोल्हा आणि आमचं शू-रॅक

शहरातला कोल्हा माणसाला धोकादायक आहे की नाही, यावर इंग्लंडात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, हे लाडावलेले जंगली प्राणी उद्या पाळण्यातली पोरं उचलून नेतील. दुसरा म्हणतो, ते बिचारे आपल्या आधीपासून इथे राहतात, आपणच त्यांच्या बिळांवर सेमी-डिटॅच्ड घरं बांधली. मार्चमधल्या एका मंगळवारपर्यंत मी दोन्ही तटांपासून लांब होतो. त्या सकाळी मात्र मी लंडनजवळच्या हॅरोमधल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत उभा होतो, आणि तटस्थ राहणं मला शक्य नव्हतं.

डावा बूट शू-रॅकवर नव्हता, रॅकखाली नव्हता, कुंड्यांमागे नव्हता. त्याची चावलेली लेस तेवढी लॉनवर, कोल्ह्याच्या पावलांच्या ठशांशेजारी सापडली. वॉकिंगच्या बुटांची एक जोडी होती, तर तिच्यातलाही डावाच गायब. मी एका हॉस्पिटलात हेल्थ अँड सेफ्टी मॅनेजर आहे. त्या दिवशी नेमकं नव्या स्टाफला 'कामाच्या ठिकाणी योग्य पादत्राणं' या विषयावर ट्रेनिंग द्यायचं होतं. ते मी माझ्या मुलीच्या जांभळ्या रबरी क्लॉग्जमध्ये दिलं. क्लॉग्जवर फुलपाखरं होती. पहिल्या रांगेतल्या नर्सने माझ्या स्लाइड्सकडे एकदाही पाहिलं नाही.

शू-रॅक घराबाहेर का, हे मला पुढे इतक्या लोकांनी विचारलं की आधीच सांगून टाकतो. घरात बूट घालून शिरायचं नाही, हे तर आपल्याकडे कोणी शिकवावंही लागत नाही. इंग्लंडात आल्यावर आम्ही तडजोड म्हणून दाराच्या आत, हॉलवेमध्ये बूट काढायचो. पण त्याच्या आदल्या वर्षी उल्काने, म्हणजे माझ्या बायकोने, दारापासून थेट दिवाणखान्यापर्यंत मोतिया रंगाचं कार्पेट घातलं. तेव्हापासून शू-रॅक पोर्चमध्ये गेलं. प्लंबर असो, पार्सलवाला असो, लेस्टरहून आलेली तिची सख्खी नणंद असो, बूट बाहेर. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला सुरक्षेच्या नियमाप्रमाणे बूट काढता येत नव्हते, तर उल्काने त्याच्या पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. तो नियम माझ्याच पेशाचा होता, पण मला कोणी विचारलं नाही.

मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला. अर्धा तास पियानो ऐकवल्यावर एक अतिशय नम्र तरुण लाइनवर आला.

"सर, कोल्हा पेस्टमध्ये, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत, मोडत नाही. उंदीर, ढेकूण, गांधीलमाश्या असतील तर मी मदत करू शकतो."

"पण तो माझे बूट नेतोय!"

"आय सी. बूट कुठे असतात, सर?"

"घराबाहेर."

"का, सर?"

या प्रश्नाला मराठीतही उत्तर देणं अवघड आहे. मी घसा खाकरून संस्कृती, स्वच्छता आणि कार्पेट यांविषयी थोडं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण ते आत ठेवायचा विचार केला आहे का?"

मी हे उल्काला सांगितलं. ती म्हणाली, "मग कोल्ह्यालाही आत घे आणि त्याला वरची बेडरूम दे."

असा कौन्सिलचा दरवाजा बंद झाल्यावर मी पद्माकरला फोन केला. पद्माकर हा माझा वॉटफर्डचा मित्र. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, आणि त्यातलं त्याने स्वतः काहीच कधी करून पाहिलेलं नसतं.

"सोपं आहे रे," तो म्हणाला. "अल्ट्रासॉनिक मशीन आण. माणसाला ऐकू येत नाही, कोल्हा तीन गार्डन पलीकडे पळतो."

मशीन आणलं. कोल्हा त्याच्यासमोर येऊन बसला आणि कान खाजवून गेला. मला आणि उल्काला खरंच काही ऐकू आलं नाही. पण सोळा वर्षांची आर्या दोन्ही कानांवर उशी धरून खाली आली. "डॅड, ते बंद कर ना! माझा डोकं फुटते!" तरुण कानांना तो आवाज ऐकू येतो, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे आमच्या घरातून जवळजवळ पळून गेली ती मुलगीच.

"मग शेवटचा उपाय," पद्माकर गंभीरपणे म्हणाला. "पुरुषाची लघवी. हद्दीवर शिंपडायची. कोल्ह्याला वाटतं, दुसऱ्या नराचा इलाका आहे."

"तू करून पाहिलंयस?"

"आमच्याकडे फ्लॅट आहे रे."

मी सुशिक्षित माणूस आहे. दोन दिवस मी हा विचार झटकून टाकला. तिसऱ्या दिवशी सॅंडलही गेल्यावर मी पहाटे उजाडताना झारी घेऊन, चेहऱ्यावर शक्य तितका निसर्गप्रेमी भाव ठेवून, कुंपणाच्या कडेने फिरू लागलो. तेवढ्यात समोरून पॉलीन आली. पॉलीन म्हणजे आमच्या गल्लीच्या रेसिडेंट्स असोसिएशनची अध्यक्ष. तिच्याकडे दोन गिनीपिग आहेत आणि सगळ्या गल्लीबद्दल ठाम मतं आहेत.

"शशी! किती लवकर उठून पाणी घालतोस! यात काहीतरी खत दिसतंय?"

"हो... ऑरगॅनिक आहे."

"होममेड?"

"पूर्णपणे."

"माझ्या गुलाबांना थोडं देशील?"

मला नाही म्हणता आलं नाही. आपल्याला कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हा आपला जुना रोग आहे. एवढंच सांगतो, की त्या वर्षी पॉलीनच्या गुलाबांना पहिलं बक्षीस मिळालं आणि तिने माझे आभार माइकवर मानले. उल्काला मी अजून काही बोललेलो नाही.

पण त्या सकाळी कुंपणापाशी गप्पा मारता मारता मी पॉलीनला बुटांचं बोललो, आणि तिथेच घोटाळा झाला. मला फक्त माझे बूट हवे होते. पॉलीनला मात्र गिनीपिगांच्या काळजीने कित्येक महिने झोप नव्हती आणि तिला एक तज्ज्ञ हवा होता. "तू तर सेफ्टीमधला प्रोफेशनल!" ती म्हणाली. आठवडाभरात गल्लीत जाहीर झालं, की कोल्ह्यांच्या बंदोबस्तासाठी सभा होणार आहे आणि 'आपले एक्स्पर्ट' मिस्टर उकिडवे त्यात धोक्याचं शास्त्रीय विवेचन करणार आहेत. मिस्टर उकिडवे म्हणजे मी. मला एक्स्पर्ट म्हटलेलं आवडलं, हे कशाला लपवू? हॉस्पिटलात मला 'तो फायर ड्रिलवाला' म्हणतात.

आता शेजारचे राफाएलकाका. राफाएल नवगावकर, वय ब्याऐंशी, मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मुंबईत वाढलेले, आणि आमच्या गल्लीत माझ्याशी अस्सल मराठीत बोलणारे एकमेव शेजारी. मिल्काकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा अरी मॅंचेस्टरला असतो, रविवारी फोन करतो, तोही इंग्रजीत. आम्ही नवीन आलो तेव्हा बॉयलर कसा चालवायचा, बिन कधी बाहेर ठेवायचे, हे सगळं आम्हाला काकांनी शिकवलं. आर्याला सायकलही त्यांनीच शिकवली.

एका संध्याकाळी चहा घेताना उल्काने मला खिडकीशी ओढलं. कुंपणापलीकडून काकांचा आवाज येत होता.

"आलीस का गं? आज उशीर केलास. मी वाट बघत बसलो ना! ये, ये, लाजू नकोस."

उल्काचे डोळे मोठे झाले. "काकांकडे कोणीतरी बाई येते!"

"या वयात?" मी म्हणालो.

"मग काय झालं? एकटे आहेत बिचारे."

मी बाहेर जाऊन कुंपणाच्या फटीतून पाहिलं. काका खुर्चीत बसले होते. समोर, शेडच्या दाराशी, एक कोल्हीण शुक्रवारच्या चिकनची हाडं नीटनेटकी खात होती आणि काका तिला अलिबागच्या कुठल्याशा लग्नाची हकीकत सांगत होते. ती मधूनच मान वर करून ऐकायची. मी तसाच मागे सरकलो. बूट नेणारा कोल्हा नेमका कोणता ते मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकाच आले. नेहमीप्रमाणे पोर्चमध्ये बूट काढले, ते हाताने उचलून कुंडीच्या वर ठेवले आणि कार्पेटच्या कडेने आत आले.

"शशी, तू परवा सभेत बोलणार म्हणे."

"हो काका. म्हणजे, पॉलीनने गळ घातली..."

"माझ्या शेडखाली तिची पिल्लं आहेत. चार. तुला म्हणून सांगतो. मिल्का गेल्यावर माझ्या तोंडातून मराठी जायला लागलं होतं रे. बोलणार कोणाशी? तू कामावर, उल्का कामावर. ही बाई येऊन बसते, ऐकून घेते."

"काका, पण तुमच्या गार्डनमध्ये पिंजरा लावायला तुमची परवानगी लागेल. तुम्ही नाही म्हणा ना!"

"सगळी गल्ली एका बाजूला झाली तर मी नाही म्हणणार नाही. या वयात शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन मी कुठे जाऊ?" काका उठले. "तू बोल. फक्त खरं असेल तेवढंच बोल."

पॉलीनने ठरवलेला माणूस वॉटफर्डहून येणार होता. पिंजरा लावायचा, आणि सापडलेला कोल्हा लांब कुठे नेऊन सोडत नाहीत, तिथेच गोळी घालतात. पॉलीन याला 'ह्यूमेन' म्हणायची आणि म्हणताना आवाज खाली आणायची. सभेचं मत फिरलं तर चार पिल्लं आणि त्यांची आई वाचणार होती, नाहीतर नाही. पण दोन गल्ल्यांत माझं नाव एक्स्पर्ट म्हणून लागलं होतं आणि मी स्लाइड्सही केल्या होत्या.

सभा चर्चच्या हॉलमध्ये व्हायची होती. आदल्या दिवशी हॉलचं छत गळलं. "तुमचा लाउंज सगळ्यांत मोठा आहे," पॉलीनने उल्काला सांगितलं, आणि उल्का खूश झाली. तिने बटाटेवडे केले, चिवडा केला, आणि दारावर सुबक अक्षरात पाटी लावली: कृपया पादत्राणं बाहेर.

इंग्रज माणूस पाटीचा शब्द मोडत नाही. मे महिन्यातल्या त्या लख्ख संध्याकाळी पंचवीसेक माणसं आली. प्रत्येकाने पोर्चमध्ये वाकून, सॉरी सॉरी म्हणत बूट काढले. रॅक भरलं, मग पायरी भरली, मग लॉनच्या कडेने रांग लागली. लेदरचे बूट, लोकरीचे बूट, पॉलीनचे सोनेरी बकल असलेले पंप्स, म्हणजे बिनलेसचे नाजूक बायकी बूट. काहींच्या मोज्यांतून अंगठे बाहेर आले होते आणि ते दुसऱ्या पायाखाली लपवून उभे होते. मी हेल्थ अँड सेफ्टी मॅनेजर. ती रांग ओलांडून मी स्वतः दार बंद केलं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं तर पहिली स्लाइड.

मी उत्तम बोललो. धोक्याची शक्यता एका अक्षावर, परिणामाची तीव्रता दुसऱ्यावर, मधे हिरव्या-पिवळ्या-लाल चौकटी. खरं सांगायचं तर कोल्हा काही केल्या हिरव्या चौकटीबाहेर येत नव्हता. माणसाला चावल्याची उदाहरणं फार थोडी. खरूज, विष्ठेतून होणारा संसर्ग, हे आहे, पण हात धुतले की निम्मं संपतं. मी हे सगळं सांगितलं, कारण काका कोपऱ्यात बसले होते. मग पॉलीन म्हणाली, "पण शून्य धोका नाही, बरोबर?" आमच्या पेशात शून्य हा शब्द कोणी उच्चारत नाही. मी म्हणालो, "शून्य... नाही."

"डॅड!" आर्या जिन्यावरून ओरडली. "कोल्हा बिचारी आहे! ते फक्त शूज घेते! शूज इज नॉट बेबीज!"

मग मतदान. बंदोबस्ताच्या बाजूने हात वर करा. बारा हात वर गेले, विरुद्ध बाजूलाही तेवढेच होणार हे सरळ दिसत होतं. सगळ्यांच्या नजरा एक्स्पर्टकडे वळल्या. मी हात खांद्यापर्यंत उचलला. म्हणजे मान खाजवावी की मत द्यावं, हे न ठरलेल्या माणसाचा हात जेवढा वर जातो, तेवढाच. पॉलीनने तो पूर्ण धरला. "कॅरीड!" ती म्हणाली. म्हणजे ठराव मंजूर.

राफाएलकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हातातल्या बशीतला वडा बघत राहिले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या क्लॉग्जमध्येही नाही.

मग मंडळी आभार मानत, चिवड्याचं कौतुक करत दाराकडे निघाली. मी दार उघडलं.

लॉनवरच्या रांगेत जागोजागी दात पडल्यासारखी भोकं होती. पंचवीस माणसांचे पन्नास बूट असायला हवे होते. निम्मे तरी गायब. उरलेल्यांतले बहुतेक एकेकटे. पॉलीनचा एक पंप होता, आणि कुंपणाच्या फटीतून दुसऱ्याचं सोनेरी बकल हळूहळू पलीकडे जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

सगळे एकदम बोलले, आणि नवल म्हणजे कोल्ह्याला कोणी काही बोललं नाही.

"तुम्हाला माहीत होतं, की तो बूट नेतो?" एका गृहस्थांनी मला विचारलं.

"हो, म्हणजे त्यासाठीच तर ही सभा..."

"आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावलेत?"

"यू डिड अ होल स्लाइड ऑन इट," पॉलीन म्हणाली. ते खरंच होतं. चौथी स्लाइड.

"चला," राफाएलकाका मागून शांतपणे म्हणाले. "कुठे आहेत ते मला ठाऊक आहे."

पंचवीस माणसं, कोणी मोज्यांत, कोणी एका बुटात लंगडत, काकांच्या साइड गेटमधून मागच्या गार्डनमध्ये गेली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. शेडसमोरच्या गवतावर बुटांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यांत चार पिल्लं. एक पिल्लू लोकरीच्या बुटात मागल्या पायांपर्यंत घुसलं होतं आणि त्याला बाहेर येता येत नव्हतं. दोघं एका लेसच्या दोन टोकांना ओढत होती. चौथं पॉलीनच्या पंपात हनुवटी ठेवून गाढ झोपलं होतं. आई शेडच्या सावलीत बसून आमच्याकडे, शाळेबाहेर उशिरा आलेल्या पालकांकडे बाई बघतात तसं बघत होती.

"बाई, घाबरू नकोस," काका तिला मराठीत म्हणाले. "आपलेच शेजारी आहेत."

बूट परत घ्यायला कोणी पुढे होईना. पॉलीनचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "ओह," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "ओह, लुक ॲट हिम."

तेव्हा मी पुढे झालो. माझ्यात धैर्य कुठून आलं कोण जाणे, बहुधा पायाला गार लागत होतं. "मॅडम चेअर," मी म्हणालो, "मला माझं मत परत घ्यायचं आहे. माझा हात मुळात वर नव्हताच. मला नाही म्हणता येत नाही, पण आता म्हणतो. नाही."

पॉलीनने पंपातल्या पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने तिथेच, मोज्यांत, गवतावर सभा पुन्हा सुरू केली. जुना ठराव रद्द. मग ती म्हणाली, "तरीही गल्लीतला धोका कमी केला पाहिजे. शशीनेच सांगितलं, की धोका मुळापासून नष्ट करावा." आणि ठराव मांडला, की उकिडव्यांचं शू-रॅक आजपासून कायमचं घराच्या आत ठेवण्यात यावं.

हात वर गेले. सगळे. आर्याचे दोन्ही. राफाएलकाकांनीही वर केला, आणि माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसले. कोल्ह्यांचा बंदोबस्त करायला जमलेल्या सभेने एकमताने आमचा बंदोबस्त केला. बावीस वर्षं इतरांना धोक्याच्या चौकटीत बसवत आलो. माझं स्वतःचं घर त्या संध्याकाळी लाल चौकटीत गेलं, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली.

फक्त उल्काचा हात खाली होता. ती मोतिया कार्पेटचा विचार करत असणार. लोकरीच्या बुटातल्या पिल्लाने तेवढ्यात बुटासकट कोलांटी खाल्ली आणि बाहेर डोकं काढून शिंकलं. उल्काने माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि हात वर केला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात राफाएलकाका, हातात झाकलेलं ताट. ताटात मलिदा होता, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदामाचे काप आणि फळं. बेने इस्रायली घरांत नवस फिटला की मलिदा करतात, हे मला मिल्काकाकूंमुळे माहीत होतं. काकू गेल्यापासून त्या घरात तो झाला नव्हता.

"कसला नवस, काका?" मी विचारलं.

"तुझा हात खाली यावा म्हणून बोललो होतो. त्या सभेत, वडा हातात घेऊन." ते हसले. "आला म्हणून केला. गोड झालाय की नाही ते बघ, मला मिल्कासारखा जमत नाही."

मी ताट घेतलं. काका सवयीने पोर्चमध्ये वाकले आणि बुटाची लेस सोडू लागले. गुडघे दुखत असल्याने त्यांनी एका हाताने चौकट धरली होती. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि बुटांना गार्डनमधली काळी माती चिकटली होती.

"राहू दे, काका," मागून उल्का म्हणाली. "तसेच या आत."

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग कार्पेटकडे. मीही पाहिलं. त्यांनी एक पाय आत ठेवला. मोतिया कार्पेटवर मातीचा स्वच्छ, पूर्ण ठसा उमटला. काका घाबरून तसेच थांबले, एक पाय आत, एक बाहेर.

उल्काने ठशाकडे बघून डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"दुसराही आणा," ती म्हणाली. "चहा टाकलाय."